कृपया लक्ष द्या

आमच्या घरात माझ्या धाकट्या भावाच्या नावाचं एक फ्रेम केलेलं चित्र होतं. गुलाबाचं फूल, दोन पानं आणि खाली त्याचं नाव. तो ज्या क्लासला जायचा तिथल्या वार्षिक प्रदर्शनात ते लागलं होतं. अब्बांनी फोटो काढून खानदानाच्या ग्रुपवर टाकला आणि 'माशाअल्लाह'चा पाऊस पडला. मला मात्र ते फूल पाहून कसंतरीच व्हायचं. माझ्या भावाने आयुष्यात कधी गुलाब काढलेला नाही. एकदा मी त्याला आणायला लवकर गेले होते, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं. टीचर त्याचा हात आपल्या मुठीत धरून कागदावर फिरवत होत्या आणि तो खिडकीबाहेर बघत होता.

घरी तो काय काढतो? आमच्या परळच्या चाळीचा कठडा. लाकडी गज, एकाशेजारी एक. वर्तमानपत्राच्या समासात, लाइटबिलाच्या मागे, अम्मीच्या रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर. तिसऱ्या मजल्यावरचा एक गज अर्ध्यातून तुटलेला आहे. त्याच्या प्रत्येक चित्रात तो तुटका गज जागच्या जागी असतो. ही चित्रं कोणी फ्रेम केली नाहीत. त्यातली कितीतरी मीच रद्दीत दिली आहेत.

तो आता सतरा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. म्हणजे तुमच्या चाळीत, तुमच्या मोहल्ल्यात, जुम्माच्या नमाजाच्या रांगेत असं कोणी ना कोणी असणारच. दर २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनी, आपण निळ्या रंगाच्या पोस्ट टाकतो आणि 'या मुलांमध्ये कला दडलेली असते' असं लिहितो. वाक्य चांगल्या मनाने लिहिलेलं असतं, पण आमच्या घरातला गुलाबही चांगल्या मनानेच काढलेला होता. म्हणून हे लिहायला बसले.

आधी शब्दाचं बघू. मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. स्वतःतच बुडालेला. ज्याला चाळीच्या कठड्यातला कुठला गज तुटलाय हे पाठ आहे, जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते ज्याला दार उघडायच्या आधी कळतं, तो स्वतःत बुडालेला कसा? आमच्या घरात जगाकडे सर्वांत जास्त लक्ष त्याचंच असतं. आमचं त्याच्याकडे असतं का, हा खरा प्रश्न आहे.

त्याच्या बोलण्याची गोष्ट सांगते. लहानपणी अब्बा दर रविवारी त्याला एल्फिन्स्टन रोडहून चर्नी रोडला, गिरगाव चौपाटीवर घेऊन जायचे. तेव्हापासून गाडीतली अनाउन्समेंट त्याच्या तोंडात बसली आहे. 'पुढील स्टेशन लोअर परळ. पुढील स्टेशन महालक्ष्मी.' जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं, तेव्हा त्याने कित्येक महिने दोन्ही नावं घेतली, कुणालाही न वगळता. आम्हाला वाटायचं, पोपटपंची आहे. क्लासमध्येही सांगितलं होतं की हे बोलणं तोडा, उत्तर देऊ नका.

चार वर्षांपूर्वी दादी गेली. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफन झालं. त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तो कोपऱ्यात बसून हळू आवाजात म्हणत होता, 'पुढील स्टेशन चर्नी रोड. पुढील स्टेशन मरीन लाइन्स. दादी उतरली.'

अब्बा तेव्हा पहिल्यांदा रडले.

ऐकलेली वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणण्याला 'इकोलेलिया' म्हणतात. १९४३ मध्ये डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा अभ्यास करून ऑटिझमचं वर्णन केलं, त्यातही या सवयीची नोंद आहे. पुढे बरीच वर्षं ती निरर्थक समजून मोडून काढण्यावर भर राहिला. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी मुलांचं असं बोलणं बारकाईने तपासलं आणि दाखवून दिलं की त्यातून मुलं मागतात, होकार देतात, संवादात आपली पाळी घेतात. उसनी वाक्यं घेऊन ती आपलं म्हणणं मांडतात. कवी तरी दुसरं काय करतो? तोही सगळ्यांचेच शब्द घेतो आणि आपल्या जागी ठेवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऑटिझम असलेल्या माणसाचं चित्र, गाणं, शब्द हे सगळं त्याचं बोलणं आहे. ते दुरुस्त करायला किंवा मिरवायला धावण्याआधी आपण ते ऐकून घेतलं पाहिजे.

ऐकण्याच्या आड पहिल्यांदा येतो तो 'इलाज'. संगीत लावा, ऑटिझम कमी होईल, असं आम्हाला अनेकांनी सांगितलं. हे तपासून पाहिलं गेलं आहे. ९ देशांतल्या चार ते सात वर्षांच्या ३६४ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. संगीतोपचारामुळे ऑटिझमची लक्षणं इतर मुलांपेक्षा जास्त कमी झाली, असं त्यात दिसलं नाही. २०२२ मध्ये कॉक्रेन संस्थेने २६ अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा एकूण प्रगती आणि जगण्याची गुणवत्ता यांत फायदा होण्याची शक्यता दिसली. दोन्ही निष्कर्ष कामाचे आहेत. पण तुम्ही-आम्ही गाणं ऐकतो ते कोणतं लक्षण कमी करायला? मजा येते, मन हलकं होतं म्हणून ऐकतो. माझ्या भावाला मात्र प्रत्येक सुराचा हिशेब द्यावा लागतो, फरक पडला का, किती पडला. जी गोष्ट आपल्याला हक्काने मिळते ती त्याला औषधाच्या चिठ्ठीवर का मिळावी?

दुसरं येतं ते 'टॅलेंट'. २०१० मध्ये 'माय नेम इज खान' आला. बोरिवलीत वाढलेला, अ‍ॅस्पर्जर असलेला मुसलमान मुलगा मोठ्या पडद्यावर नायक झाला, याचं आम्हाला केवढं अप्रूप होतं. पण त्या रिझवानला काहीही दुरुस्त करता यायचं. तेव्हापासून पाहुणे विचारतात, 'तुमच्या मुलाला काय खास येतं?' काहीच खास येत नसेल तर? मुलाला माणूस म्हणून जागा मिळायला आधी चमत्कार दाखवावा लागत असेल, तर आपण त्याला परीक्षेलाच बसवलेलं आहे.

तिसऱ्या अडथळ्याची सुरुवात गुलाबापासून झाली. हात कोणाचा? या प्रश्नावर जगभर वाद झाला आहे. बंगळूरमध्ये वाढलेल्या टिटो राजर्षी मुखोपाध्याय यांचं गद्य आणि कविता असलेलं 'बियाँड द सायलेन्स' हे पुस्तक २००० मध्ये ब्रिटनमध्ये निघालं, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. न बोलणाऱ्या मुलाच्या आत केवढं जग असू शकतं, हे त्याने लाखोंना कळलं. त्यांच्या आई सोमा यांनी पुढे इतर मुलांसाठी 'रॅपिड प्रॉम्प्टिंग' ही पद्धत सुरू केली. त्यात दुसऱ्याने धरलेल्या अक्षरांच्या पाटीवर मूल बोट ठेवतं. अमेरिकेतल्या वाचा-भाषातज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये या पद्धतीविरुद्ध इशारा दिला, कारण आलेले शब्द मुलाचे की शेजारी बसलेल्याचे, हे सांगता येत नाही. मला यातून दोन गोष्टी कळतात. न बोलणाऱ्याला काही म्हणायचं नसतं, असं कधीच धरून चालू नये. आणि आपल्याला ऐकायचं असतं ते त्याच्या तोंडी घालू नये. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत अ‍ॅप मराठीतही आहे. मूल स्वतः चित्रावर बोट ठेवतं आणि फोन बोलतो. तिथे बोट त्याचंच असतं.

आता आपल्या घरांबद्दल. भाऊ अडीच-तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, तेव्हा 'नजर लागली', 'असर आहे' हे आम्हीही ऐकलं. ताविज बांधला. त्यात दोन वर्षं गेली. दुआ करायला कोणाची ना नाही, पण डॉक्टरकडे जायला उशीर झाला तो आमच्यामुळे. संगीत आणि चित्रांबद्दलही आपल्या घरांत वेगवेगळी मतं आहेत, तो वाद मी इथे सोडवणार नाही. एवढीच आठवण देते की परळ-लालबागच्या कामगारांना आपल्या पहाडी आवाजाने जागं करणारे शाहीर अमर शेख जन्माने मेहबूब होते. इथून थोड्याच अंतरावरच्या भेंडीबाजाराच्या नावाने ख्यालगायकीचं एक अख्खं घराणं ओळखलं जातं, जे छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या तीन भावांनी उभं केलं. सूर आपल्याला परका नाही.

माझा भाऊ अजानचा सूर गुणगुणतो, सकाळी अकरालाही आणि रात्री दोनलाही. एका बुजुर्गांनी 'ये बेअदबी है' म्हणून सुनावलं. अम्मी महिनाभर त्याला गॅलरीत सोडत नव्हती. शेवटी अब्बा मुअज्जिनसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, 'बच्चा है, अल्लाह का नाम ही तो ले रहा है.' त्यानंतर कोणी काही बोललं नाही. एका माणसाने समजून घेतलं की मोहल्ला किती लवकर समजून घेतो, हे मी तेव्हा पाहिलं.

कायदा आपल्या बाजूला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात ऑटिझमचा समावेश आहे. त्यातलं कलम २९ सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांवर जबाबदारी टाकतं की दिव्यांग व्यक्तींच्या सांस्कृतिक जीवनाच्या हक्कासाठी पावलं उचलावीत. दिव्यांग कलाकार आणि लेखकांना साहाय्य देणं, कलाविषयांचे अभ्यासक्रम त्यांना सहभागी होता येईल असे बदलणं, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या भागात शिवडीची १९४४ पासूनची जय वकील संस्था आहे, लोअर परळचं 'उम्मीद' आहे, महालक्ष्मीला दिव्यांग प्रौढांच्या हस्तकलेचं काम करणारी 'ओम क्रिएशन्स' आहे. पण सगळा भार विशेष संस्थांवर टाकून चालणार नाही. चर्नी रोडच्या बालभवनात, दादरच्या गाण्याच्या क्लासात, पालिकेच्या शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला हे मूल तुमच्या बहीण-भावांच्या शेजारी बसलं पाहिजे. प्रवेश नाकारला तर लेखी कारण मागा आणि अर्जात कलम २९ लिहा.

आणि आपण स्वतः? आपले मुशायरे, ईद-मिलन, अभ्यासिका, शिबिरं यांपासून सुरुवात करू. एक शांत कोपरा ठेवा. स्पीकरचा आवाज कमी करा. गणपतीत लालबागचे ढोल आणि मिरवणुकीतला आपलाही डीजे, दोन्ही दिवशी माझा भाऊ कानांवर उशी दाबून बसतो. कोणी मध्येच उठला, फेऱ्या मारू लागला तर बघत बसू नका. मंचावर न येता आपलं चित्र किंवा रेकॉर्ड केलेला आवाज पाठवायची सोय ठेवा. बक्षीस ठेवू नका. आणि फोटो टाकण्याआधी त्याला विचारा. नाही म्हणायची त्याची एक पद्धत असते, माझा भाऊ फोन उलटा करून ठेवतो.

घरी आम्ही गुलाब काढून ठेवला. त्या फ्रेममध्ये लाइटबिलाच्या मागचा कठडा लावला. चार दिवसांनी भावाने फ्रेम उघडली, कागद बाहेर काढला आणि कडेला आणखी दोन गज वाढवले. आता त्या फ्रेमच्या मागे आम्ही खिळे मारत नाही.

तुमच्या घरात किंवा शेजारी असं कोणी असेल तर एक वही घ्या. आठवडाभर तो काय म्हणतो, काय काढतो, काय गुणगुणतो, ते तारीख घालून, न सुधारता उतरवून ठेवा. रद्दीत द्यायची घाई करू नका. मी ती केली होती.