बॅकअपचाही रोजमेळ हवा



भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका परिचित पेढीवर गेल्या वर्षी ओढवलेला प्रसंग सांगतो. चाकणच्या वाहन कारखान्यांसाठी सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकांना पोलाद पुरवणारी ही दोन पिढ्यांची पेढी. जीएसटी विवरणपत्राची मुदत चार दिवसांवर आली असताना सर्व्हरची डिस्क बंद पडली. "बॅकअप आहे, काळजी नको," असे धाकटे बंधू म्हणाले. प्रत्यक्षात शेवटची चांगली प्रत सत्तेचाळीस दिवसांपूर्वीची निघाली. बाह्य डिस्क भरल्यामुळे बॅकअपचे काम रोज रात्री सुरू होई आणि अर्ध्यावर थांबे. तशी सूचना पडद्यावर येत असे. सकाळी पहिला येणारा कारकून ती बंद करून बिले करू लागे. अखेर चलने आणि ई-वे बिले जुळवून, रात्री जागून, नोंदी पुन्हा केल्या. विवरणपत्र वेळेत गेले. परंतु काही येणी आजही वादात आहेत, आणि दोघा भावांत काही दिवस अबोला राहिला तो वेगळाच.

असे मोठमोठ्यांचेही होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगप्रसिद्ध संगणक कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. तेव्हा उघड झाले की रोजचा बॅकअप अयशस्वी होत होता आणि तसे कळवणारी ई-पत्रे कोणापर्यंत पोहोचतच नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती होती, म्हणून थोडक्यात निभावले.

आमच्या बँकेत शाखेचे संगणकीकरण झाले, तेव्हा दिवसअखेरीस प्रत काढून रजिस्टरात नोंद व सही करावी लागे. तेव्हा कंटाळा येई. आज त्या सहीचे मोल कळते. सूचना क्षणभर दिसून नाहीशी होते, नोंद मात्र मागे राहते.

हे रजिस्टर आता संगणकच लिहू शकतो. विंडोज सर्व्हरच्या अंगभूत बॅकअपमध्ये पॉवरशेलची 'गेट-डब्ल्यूबीजॉब' ही आज्ञा मागील कामांचा तपशील देते. बॅकअप एक्झेक वापरणाऱ्यांसाठी 'गेट-बीईजॉबहिस्टरी' आहे. तिला 'एक्सपोर्ट-सीएसव्ही' जोडली की काम केव्हा सुरू झाले, केव्हा संपले, यशस्वी झाले की नाही, हे सारे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाईलमध्ये उतरते. या ओळी एका स्क्रिप्टमध्ये लिहून टास्क शेड्यूलरला रोज पहाटेची वेळ द्यावी. आपल्या संगणक तंत्रज्ञाला हे काम फार वेळाचे नाही.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. फाईलच्या नावात तारीख असावी, अन्यथा नवी फाईल जुनीवर लिहिली जाते. फाईल त्याच सर्व्हरवर न ठेवता दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. आणि ती उघडून पाहण्याची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीवर, नाव घेऊन, सोपवावी. कालच्या तारखेची ओळच नसेल, तर तीही धोक्याचीच सूचना समजावी. शिवाय महिन्यातून एकदा प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून ताळेबंद जुळतो का, तेही पाहावे; 'यशस्वी' हा शेरा म्हणजे जुळलेला हिशेब नव्हे.

कायद्याचीही तीच अपेक्षा आहे. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार, संगणकीय हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. जीएसटीखालील हिशेब तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, मग पेढी मालकीची असो वा भागीदारीची.

आपल्या वाडवडिलांनी रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानाची फळी लावली नाही. आता वही यंत्रात गेली आहे, एवढाच फरक. उद्या सकाळी पेढीवर गेल्यावर एकच प्रश्न विचारावा : काल रात्रीचा बॅकअप झाला का, आणि तो झाल्याची नोंद कुठे आहे? उत्तर तोंडी मिळाले, तर समाधान मानू नये.