दम्याचे अर्धे औषध घराबाहेर

विठ्ठलवाडीत पावसाळा आला, की भिंतींना ओल येते, बुरशी धरते आणि दवाखान्यात धाप लागलेली मुले वाढतात. पालक म्हणतात, "डॉक्टर, पंपाची सवय लागेल." सवय लागत नाही. डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेला पंप श्वासनलिकांची सूज कमी करतो. बरे वाटले म्हणून तो परस्पर बंद करू नका. मच्छर अगरबत्ती, धूप, विडी घरातून हद्दपार करा. मुलाचे अंथरूण ओल्या भिंतीपासून दूर घाला.

पण घराबाहेरचे काय? २०१४ मध्ये शेजारच्या उल्हासनगरात वालधुनी नदीत रसायन ओतले गेले आणि शेकडो लोकांचा श्वास कोंडला. कचरा जाळणे आणि नदीत रसायने सोडणे थांबवणे, हेही दम्याचेच औषध आहे. ते माझ्या चिठ्ठीवर मिळत नाही. महापालिकेकडे आपण सर्वांनी मिळूनच मागायला हवे.