डोक्यावरचा पत्रा आणि छातीतली धूळ

मृग तोंडावर आला की आपल्या वसाहतींत छपराची कामे निघतात. कुठे क्वार्टरच्या मागच्या पडवीचा पत्रा गळत असतो, कुठे पीएफमधून पैसे काढून बांधलेल्या गावाकडच्या घराचे पत्रे बदलायचे असतात. भुसावळ, दौंड, अजनीपासून इटारसी, सुरत, हुबळीपर्यंत मराठी रेल्वे कामगार आणि टपाल कामगार जिथे जिथे राहतो, तिथे करड्या रंगाचा नालीदार सिमेंटचा पत्रा त्याच्या ओळखीचा आहे. स्वस्त, न गंजणारा आणि लवकर बसणारा म्हणून या पत्र्याने आपल्या कित्येक कुटुंबांना आसरा दिला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तो काढण्याची जी रीत पडली आहे ती जिवावर बेतणारी आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे हे संघटनेचे कर्तव्य आहे.

रीत सर्वांच्या पाहण्यातली आहे. रोजंदारीवरचा मजूर वर चढतो, गंजलेला बोल्ट निघत नाही म्हणून हातोडीने पत्रा फोडतो आणि तुकडे खाली टाकतो. घरची बाई कोरड्या झाडूने अंगण झाडते. चांगला सपाट तुकडा मुले लंगडीच्या ठिकरीला उचलतात. उरलेला चुरा बोळातल्या खड्ड्यात भराव म्हणून जातो. कोणाला ठसकासुद्धा लागत नाही, म्हणून काही झाले नाही असे सर्वजण समजतात.

या पत्र्यात सिमेंटबरोबर साधारण दहा टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असते. हा दगडाचाच धागा आहे, पण इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही. तो श्वासावाटे फुप्फुसात गेला की तिथेच रुतून बसतो. त्यातून अ‍ॅस्बेस्टॉसिस हा फुप्फुस कडक करणारा रोग, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो. रोग वर यायला वीस ते चाळीस वर्षे लागतात. म्हणजे पंचविशीत खाल्लेली धूळ निवृत्तीनंतर हिशेब मागते. जो बिडी-सिगारेट ओढतो त्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस निरुपद्रवी असते असा प्रचार होत आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र सर्व प्रकारचे अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोगकारक ठरवले आहे. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे. अमेरिकेनेही २०२४ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम केला. आपल्या देशात १९८६ पासून त्याच्या खाणींना नवे परवाने देणे थांबले, पण परदेशातून माल येतोच आहे आणि पत्रे बनतच आहेत.

हे वाचून कोणी घाबरून उद्याच छप्पर उतरवायला निघू नये. पत्रा शाबूत आहे तोवर धागा सिमेंटमध्ये बांधलेला असतो आणि त्याखाली राहणाऱ्याला धोका फार थोडा असतो. धोका फोडण्यात, कापण्यात, भोक पाडण्यात आणि घासण्यात आहे. म्हणून पहिला नियम असा की धड पत्र्याला छेडू नये. शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा जोराच्या फवाऱ्याचे पंप वापरू नयेत. पंख्याचा हूक किंवा केबलची वायर यासाठी त्यात ड्रिल मारू नये. बारीक चीर असेल तर जागा ओली करून, न घासता, वॉटरप्रूफ पट्टीने बंद करावी. पत्रा जुना आहे आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही हे माहीत नाही, तर आहे असेच धरून चालावे. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही.

पत्रा ठिसूळ झाला, जागोजागी तुटला, तर तो काढलाच पाहिजे. शक्य तर हे काम जाणकार माणसाकडे द्यावे. ते कोणीही केले तरी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. जुन्या पत्र्यावर कोणीही पाय देऊ नये. तो माणसाचे वजन पेलत नाही, आणि छपरावरून आरपार पडून माणूस त्याच क्षणी दगावतो. काम खालून, भक्कम परांचीवरून करावे. वाऱ्याचा दिवस टाळावा. मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्या दिवशी शेजारी पाठवावे, दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. पत्रा दोन्ही बाजूंनी साबणाच्या पाण्याने हलक्या फवाऱ्याने भिजवावा आणि काम संपेपर्यंत ओला ठेवावा. बोल्ट गंजला असेल तर बोल्ट कापावा, पत्रा नव्हे. पत्रा अखंड उतरवून हातोहात खाली द्यावा, वरून टाकू नये.

तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एफएफपी-३ दर्जाचा मास्क हवा आणि तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी असेल तर फट राहते. काम झाल्यावर कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून फडके कचऱ्याबरोबरच बांधावे. अंगावरचे कपडे झटकू नयेत, घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. कामावरून आलेले धुळीचे कपडे धुता धुता कामगारांच्या बायकांना हा रोग झाल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. उतरवलेले पत्रे आणि तुकडे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून त्यावर ठळक अक्षरांत लिहावे. ते न्हाणीघराच्या आडोशाला किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला पुन्हा वापरू नयेत, आणि भंगारवाल्यालाही देऊ नयेत.

मग न्यायचे कुठे? खरी अडचण इथे आहे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे धोकादायक कचऱ्याची केंद्रे आहेत, पण ती मुख्यतः कारखान्यांसाठी चालतात. साध्या घरमालकाच्या दाराशी कोणाची गाडी येत नाही. नगरपालिकेकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. दहा घरांनी मिळून अर्ज केला तर त्याला वजन येते.

क्वार्टरचा प्रश्न वेगळा आहे. तिथले छप्पर प्रशासनाचे आहे, तेव्हा ते बदलण्याचा खर्च आणि जबाबदारीही प्रशासनाचीच. कोणीही स्वतः चढून दुरुस्ती करू नये. वर्क्सच्या सेक्शन इंजिनिअरकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची नक्कल शाखेकडे द्यावी. शाखांनी वसाहतवार यादी करून विषय पीएनएममध्ये घ्यावा. टपाल खात्यातील बांधवांनी तो जेसीएमच्या मार्गाने न्यावा. मागणी तीन गोष्टींची असावी: जुन्या पत्र्यांची पाहणी, पत्रे अखंड उतरवून योग्य जागी पोचवण्याची टेंडरमध्येच अट, आणि नवे छप्पर बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे. घर स्वतःचे असेल तरी नवा पत्रा घेताना दुकानदाराला हे विचारून घ्यावे. रंगीत लोखंडी पत्रा तापतो हे खरे, पण त्याखाली छत घालता येते.

टेंडरच्या त्या अटीत ठेकेदाराच्या मजुराचा मास्क आणि परांची आलीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले. कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवावी, असा आदेशही कारखान्यांना दिला. कारखान्यातल्या कामगाराला तो हक्क कागदावर तरी मिळाला. आपल्या छपरावर चढणाऱ्या मजुराचे नाव मात्र कोणत्याही रजिस्टरात नसते. उद्या छाती भरली तर कोणाच्या दाराशी जावे हेही त्याला सांगता येणार नाही. तो आपल्या संघटनेचा सभासद नसेल, पण तो कामगार आहे आणि आपले छप्पर दुरुस्त करतो आहे. त्याला धुळीत उभा करून आपले घर कोरडे ठेवणे कामगार चळवळीला शोभणारे नाही. मास्क आणि परांचीचा खर्च वाचवण्यासाठी आपल्यापैकी कोणी घासाघीस करू नये, आणि प्रशासनालाही करू देऊ नये.