लोखंडाची नाडी

पाऊसकाळ सरून नद्या पात्रांत परतल्या, म्हणजे आमच्या नृसिंहवाडींत एक प्रश्न घरोघर ऐकूं येतो : "स्लॅबला तडा गेला आहे, आंतली सळई तांबडी दिसते, वरून सिमेंटचा हात फिरवून रंग दिला तर भागेल ना?" प्रश्न लहान दिसतो ; परंतु त्याच स्लॅबखालीं घरांतील वडील मंडळी निजतात आणि नातवंडें खेळतात, म्हणून त्याचें उत्तर घाईनें देणें बरें नव्हे.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील ह्या गांवास पाणी नवें नाहीं. दत्तमंदिरांतील दक्षिणद्वाराचा सोहळा बहुतेक पावसाळ्यांत होतोच. परंतु 2005, 2019 आणि 2021 सालीं पाणी घाट ओलांडून घरांत शिरलें. पूर्वींचीं घरें दगड, माती व लाकूड यांचीं. आतां घराचा भार ज्यावर आहे तें लोखंड सिमेंटच्या पोटांत असतें व डोळ्यांस दिसत नाहीं. बाहेर तडा दिसूं लागण्यापूर्वींच तें किती वेगानें झिजत आहे हें कळावें कसें? ह्याचें एक सुंदर साधन शास्त्रज्ञांनीं शोधिलें आहे. त्याचा परिचय आज वाचकांस करून देण्याचें योजिलें आहे.

धातूचा मळ आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. अमरकोशांत लोखंडाच्या मळास मंडूर व सिंहाण अशीं नांवें आहेत. तांब्यापितळेच्या भांड्यांत ताक ठेविलें तर तें कळकतें, म्हणून भांड्यांस कल्हई करावी, हें गृहिणींस सांगावें लागत नाहीं. कळकणें काय किंवा गंजणें काय, दोहोंच्या मुळाशीं एकच व्यापार आहे. धातूच्या पृष्ठावर एका ठिकाणीं धातूचे कण इलेक्ट्रॉन मागें टाकून ओलाव्यांत उतरतात ; दुसऱ्या ठिकाणीं हवेंतील प्राणवायु ते इलेक्ट्रॉन उचलतो. म्हणजे गंजणाऱ्या सळईंत एक बारीकसा विजेचा प्रवाह अखंड वाहत असतो. तो प्रवाह मोजला कीं गंजण्याचा वेग कळला. अडचण एवढीच कीं, घेणारी व देणारी अशा दोन्ही जागा एकाच सळईवर असल्यामुळें मध्यें मोजयंत्र बसवावयास वाट नाहीं.

ही अडचण 1957 सालीं स्टर्न व गिअरी ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं युक्तीनें सोडविली. लोखंडाची समतोल स्थिति बाहेरून किंचित् ढळविली, तर तें जो विरोध करतें तो गंजण्याच्या प्रवाहाच्या व्यस्त प्रमाणांत असतो, असें त्यांनीं दाखविलें. विरोध थोडा तर गंज फार. विरोध फार तर गंज थोडा. परंतु काँक्रीटमध्यें आणखी एक गुंता आहे. मोजलेल्या विरोधांत ओल्या काँक्रीटचा स्वतःचा विरोधहि मिसळलेला असतो. तो निराळा कसा काढावा?

येथें उलटसुलट वाहणारा प्रवाह उपयोगी पडतो. एका जागीं सळई उघडी करून तीस तार जोडतात, काँक्रीटवर ओला स्पंज व त्यावर दुसरें विद्युदग्र ठेवितात, आणि सुमारें दहा मिलिव्होल्टांचा अगदीं हलका विद्युद्दाब आलटून पालटून लावितात. प्रथम सेकंदास हजारों वेळां, मग हळूहळू कमी करीत शंभर सेकंदांत एकदां. प्रत्येक वेळीं जो अडथळा येतो त्यास संरोध म्हणतात. 'इंपीडन्स' हा त्याचा मूळ इंग्रजी शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनीं 1886 सालीं रूढ केला.

वेग बदलल्यानें काय साधतें? कल्पना करा कीं, पाटाच्या वाटेवर एक रांजण आहे व त्याच्या बुडाशीं बारीक छिद्र आहे. पाणी भराभर पुढें मागें लोटलें, तर तें रांजणांतच चढतें-उतरतें. छिद्राची गांठ पडतच नाहीं व केवळ पाटाचाच अडथळा जाणवतो. पाणी सावकाश लोटीत राहिलें, तर रांजण भरतो व पुढें जावयास छिद्राचीच वाट उरते. आतां पाट व छिद्र ह्या दोहोंचा अडथळा जाणवतो. दुसऱ्यांतून पहिला वजा केला कीं छिद्राचा अडथळा उरला. लोखंड व ओलावा यांच्या सीमेवर वीज सांठविणारा असाच एक थर असतो, तो आमचा रांजण. ओलें काँक्रीट हा पाट. आणि गंजण्याची क्रिया हें छिद्र. तें जितकें मोठें, तितकें लोखंड वेगानें झिजतें.

आतां थोडा हिशेब करूं. गंजत्या पोलादासाठीं स्टर्न-गिअरी यांच्या सूत्रांतील स्थिरांक 26 मिलिव्होल्ट धरतात. एका चौरस सेंटिमीटरास हा उरलेला विरोध 26,000 ओहम आला, तर प्रवाह एक मायक्रोअँपिअर. एवढ्यानें वर्षांत लोखंडाची जाडी सुमारें 11.6 मायक्रोमीटर घटते. एक मिलिमीटर जावयास 86 वर्षें लागतील. परंतु विरोध 2,600 आला, तर तेंच काम नऊ वर्षांच्या आंत होतें. आठ मिलिमीटर व्यासाची सळई चोहोंकडून एकेक मिलिमीटर झिजली म्हणजे व्यास सहा उरला. छेदाचें क्षेत्रफळ 64 भाग धरलें तर तें 36 भाग उरलें. शिवाय गंज मूळ लोखंडाहून कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून सळई तुटण्याच्या फार आधीं वरचें काँक्रीट फुटून गळूं लागतें.

हा केवळ पाटीवरचा हिशेब नव्हे. गोव्यांत पणजीजवळील मांडवीवरचा पूल 5 जुलै 1986 रोजीं कोसळला. त्याचें वय अवघें दीड तपाच्या आंतबाहेर होतें, आणि काँक्रीटमधील ताणलेल्या पोलादी तारांचें क्षरण हें त्याचें मुख्य कारण ठरलें. मुंबईहून वाशीस जाणारा ठाणें खाडीवरील 1973 सालचा पूलहि ह्याच रोगानें अकालीं जर्जर झाला व शेजारीं दुसरा पूल बांधावा लागला. तेथें शत्रु होता खारें पाणी. आमच्या नद्यांचें पाणी गोडें. येथील शत्रु निराळा आहे. ताज्या काँक्रीटमधील चुना लोखंडावर एक अदृश्य पापुद्रा राखतो. हवेंतील कर्बवायु वर्षानुवर्षें आंत मुरून तो चुना निकामी करतो, आणि मग ओलावा व प्राणवायु यांस मोकळें रान मिळतें.

ह्यांतूनच एक ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट निघते. भिंत पाण्याखालीं बुडालेली असतांना आंत प्राणवायु फारसा पोंचत नाहीं, म्हणून गंज मंदावतो. तो वाढतो पूर ओसरल्यावर, जेव्हां ओल व हवा दोन्ही एकत्र नांदतात. चैत्र-वैशाखांत वाळल्या स्लॅबचा संरोध मोजला, तर आंकडा मोठा येईल व घरधनी निर्धास्त होईल. खरी परीक्षा भाद्रपद-आश्विनांतली. एकदांच पाहिलेली नाडी वैद्यासहि पुरत नाहीं. निरनिराळ्या ऋतूंत घेतलेलीं मापें शेजारीं ठेवावीं लागतात.

साधनाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. जेथें स्पंज ठेविला तेवढ्याच भागाचें तें माप, आणि तेंहि सरासरीचें. एखाद्या ठिकाणीं खोल भोक पडत असेल तर तें सरासरींत लपून जातें. नळ्यांत कोंडलेल्या ताणतारांपर्यंत तर त्याची पोंच कठीणच. याहून साधी अशी एक चांचणी आहे. तींत केवळ सळईचा विद्युद्दाब मोजतात. परंतु ती गंज असण्याची शक्यता सांगते, वेग सांगत नाहीं.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर असें : वरून सिमेंट फिरवून भागणार नाहीं. तडा झांकल्यानें ओल आंतच राहते व रोग दृष्टीआड वाढतो. हातोडीनें हलकें ठोकून पोकळ आवाज येईल तेवढा भाग काढावा, सळई लखलखीत होईपर्यंत घासावी, ती किती उरली हें मोजावें, आणि मगच जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यानें दुरुस्ती करावी. घर मोठें व जुनें असेल, तर त्यांस संरोधाच्या परीक्षेविषयीं अवश्य विचारावें. तामिळनाडूंतील कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था 1953 सालापासून अशाच प्रश्नांचा अभ्यास करीत आली आहे. ही विद्या परदेशांतून मागवावी लागेल असें नाहीं.

घरांतील कर्त्या पुरुषानें दिवाळीपूर्वीं रंगाचा खर्च मांडतांना आधीं ह्या परीक्षेचा खर्च मांडावा. रंग पुढल्या वर्षींहि देतां येईल.