छातीत पाणी झाले म्हणजे

अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टर सांगतात, ‘छातीत पाणी झालंय.’ लगेच कुणीतरी विचारतो, ‘मग काढत का नाही?’ आम्ही म्हणतो, त्याआधी दुसरे विचारावे : हे पाणी आले कशाने?

फुफ्फुस आणि बरगड्या यांच्यामधल्या पातळ आवरणांत निरोगी माणसालाही चमचा-दोन चमचे पाणी असतेच. हृदय थकले, सलाईन जास्त झाले, रक्तातले प्रथिन घटले, की ते वाढते. न्यूमोनिया, क्षय किंवा कर्करोगानेही वाढते. पाणी हा स्वतंत्र आजार नव्हे.

झोपलेल्या रुग्णाच्या एक्स-रेत ते फसवते. पेल्यातल्या पाण्याची पातळी दिसते, तेच ताटात ओतले तर पसरते; तसे ते पाठीमागे पसरते आणि फोटोत नुसता धूसरपणा येतो. म्हणून सोनोग्राफीचे यंत्र खाटेजवळ आणतात. सुई कुठे घालायची तेही त्यातच दिसते.

सुईने काढलेले थोडे पाणी तपासणीला जाते आणि त्याच सुमारास रक्तही घेतात. ‘पुन्हा रक्त?’ म्हणून घरचे चिडतात. पण दोन्हींची तुलना करायची असते. पाण्यातले प्रथिन रक्तातल्या प्रथिनाच्या निम्म्याहून जास्त असेल, तर दोष बहुधा आवरणातच, म्हणजे जंतुसंसर्ग, क्षय वगैरे. डॉ. रिचर्ड लाइट व सहकाऱ्यांनी 1972 साली मांडलेल्या कसोट्यांतली ही एक, आजही वापरात आहे.

हृदयामुळे किंवा जास्त सलाईनमुळे साचलेले पाणी पुष्कळदा लघवी वाढवणाऱ्या औषधांनी उतरते, सुई लागत नाही. पू झाला असेल तर मात्र नळी घालावीच लागते, नुसत्या इंजेक्शनांनी भागत नाही. श्वास फारच कोंडला असेल तरीही पाणी काढतात, पण एका वेळी साधारण दीड लिटरच्या आत. दबलेले फुफ्फुस एकदम फुलले तर त्यालाच सूज येऊ शकते.

सहीसाठी कागद पुढे आला की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का ते आधी सांगा. घरात कुणाला क्षय झाला असेल तर तेही. मुलीच्या रिश्त्याला अडचण येईल म्हणून आपल्याकडे हे नाव दबक्या आवाजात घेतात. डॉक्टरांपुढे तरी घेऊ नये.

नळी बसवली असेल तर तिची बाटली रुग्णाच्या छातीपेक्षा खालीच राहू द्यावी. भेटायला गेलेल्या खाला-चाचांनी पायात येते म्हणून ती उचलून खाटेवर ठेवू नये.