यश मोजायचं कशावर?

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की पाच मिनिटांत तीन प्रश्न येतात : नोकरी कुठे, घर घेतलं का, मुलं कुठल्या कॉलेजात. त्यात वावगं काही नाही. परक्या मुलखात बस्तान बसवायला कष्ट लागतात आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण याच उत्तरांवर माणसाची किंमत ठरू लागली, की नोकरी गेलेला गृहस्थ मंडळात यायचा बंद होतो. आणि ज्याचं सगळं जमून आलंय, तोही दुसऱ्याच्या घराकडे बघून झुरत राहतो. एक मराठी ख्रिस्ती म्हणून मला वाटतं, ही मोजपट्टीच बदलायला हवी.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात येशूचा एक दृष्टान्त आहे. परदेशी निघालेला धनी नोकरांवर आपलं धन सोपवतो : एकाला पाच वाटे, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे ते दुप्पट करतात. तिसरा भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवतो आणि बोलणी खातो. म्हणजे आळसाला इथे थारा नाही. पण पाचाचे दहा करणारा आणि दोनाचे चार करणारा, दोघांनाही शाबासकी मिळते ती अगदी त्याच शब्दांत. हिशेब शेजाऱ्याच्या मिळकतीशी ताडून होत नाही. मुळात धन आपलं नव्हतंच, सोपवलेलं होतं. त्याचं आपण काय केलं, एवढंच विचारलं जातं.

पंडिता रमाबाईंनी हा हिशेब आयुष्यभर मांडला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, चेल्टनमच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे अमेरिकाभर व्याख्यानं दिली. परदेशात मानाने राहणं त्यांना सहज जमलं असतं. त्या परतल्या आणि १८८९ साली विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९३ साली सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या वादात सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. जगाच्या लेखी हे अपयशच. तरी १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांचं घर झालं केडगावचं मुक्ती मिशन.

तिथल्या छापखान्यात मिशनमधल्या बायकाच खिळे जुळवायच्या, छपाई करायच्या. जिला समाजाने अपशकुनी ठरवून कोपऱ्यात बसवलं असतं, तिच्या हातून मराठी बायबलची पानं छापली जात होती. ते भाषांतर रमाबाईंनीच हिब्रू आणि ग्रीक शिकून केलं होतं. १९२१ साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्यांनी काम सोडलं नाही. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या.

श्रद्धा ठेवा, देव भरभराट करील, असं हल्ली काही चर्चमधून सांगितलं जातं. ते मला मान्य नाही. रमाबाईंच्या आयुष्याला ते लागू पडत नाही, आणि वधस्तंभावर गेलेल्या येशूला तर नाहीच. उलट, या सगळ्या पोट भरलेल्यांच्या गोष्टी, असंही कुणी म्हणेल. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

पगार, घर, शिक्षण हे सगळं सोपवलेलं धन आहे. ते कुणाच्या कामी आलं, यावर यश ठरावं. हे पटायला ख्रिस्ती असावं लागत नाही. म्हणून मंडळाला एक विनंती. वार्षिक सत्कारात पदव्या आणि बढत्यांबरोबर रात्रपाळी करून घरी आजारी सासूची सेवा करणाऱ्या नर्सचंही नाव घ्या. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला महिनाभर घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबालाही व्यासपीठावर बोलवा. आणि ज्याची नोकरी गेली आहे, त्याला या आठवड्यात आपणहून फोन करा.