नुसतं बघायला कोण पैसे देतं?

डिसेंबरात सुट्टी टाकून चांदवडला गेलो होतो. उन्हाळ कांद्याची लागण चालू, शेजारच्या निफाडचा पारा दरवर्षीप्रमाणे पेपरात, आणि आमच्या तात्यांचा खांदा हँडल मारून मारून दुखावलेला. लाइट नसली की विहिरीवर अजून जुनं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन चालतं. लिस्टर पद्धतीचं, जाड चाकांचं, वयाने माझ्यापेक्षा मोठं. पूर्वी तिसऱ्या हँडलला धडधडायला लागायचं, आता सकाळी अर्धा अर्धा तास घेतं.

तोपर्यंत नोझल बदलून झालं होतं. फरक नाही. मग पंपाचं एलिमेंट बदललं. तरी फरक नाही. तीन हजारांच्या वर गेले आणि तात्या म्हणायला लागले, "भंगारात देऊन टाकतो आता." भंगारात दिलं तर लाइट नसताना कांद्याला पाणी कुठून, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

मी मेकॅनिकल शिकलो आणि जावा लिहितो, त्यामुळे इंजिनाबद्दल बोलायचा माझा अधिकार तसा बेताचाच :-) पण रोजचं काम बग शोधण्याचं. म्हणून एवढंच विचारलं, "तात्या, दुपारी बंद करून परत चालू केलं तर?"

"दुपारी काय, एका हँडलात!"

झालं की! नोझल खराब असतं तर ते दुपारीच शहाण्यासारखं कसं वागलं असतं? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. दाब गळत असेल तर गार सकाळी हवा पुरेशी तापत नाही. इंजिन गरम असलं की तेवढ्याच दाबात भागून जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिकला बोलावलं आणि म्हटलं, "आज काही बदलायचं नाही. फक्त बघायचं. बघायचे पैसे मी देतो." त्याने माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. मग जे केलं ते बघण्यासारखं होतं. हँडल मारताना आधी धूर बघितला: पांढरा. म्हणजे डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही. धूरच नसता तर डिझेल पोचत नाही, किंवा लाइनीत एअर धरलीय असं समजायचं. मग लिव्हर पाडून चाक हळूहळू दाबावर आणलं आणि कान लावला. हवा सायलेन्सरकडे फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडे आली तर इनलेट, आणि खाली चेंबरमध्ये आवाज आला तर रिंगा. आवाज खाली होता. खात्री म्हणून हवेच्या वाटेने चमचाभर इंजिन ऑइल आत सोडलं (चमचाभरच, जास्त सोडलं तर इंजिनाची वाट लागेल). तेलाने रिंगांच्या फटी थोडा वेळ बुजतात. चौथ्या हँडलला इंजिन सुरू!

सगळं मिळून वीस मिनिटं. मी विचारलं, "हे आधीच का नाही केलं?"

"दादा, नुसतं बघायला कोण पैसे देतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तीन दिवस लॉग चाळतो, शेवटी एक ओळ बदलतो आणि क्लायंट तीन दिवसांचे पैसे मुकाट देतो. 'एकच ओळ तर बदलली' असं तो म्हणाला तर आम्हाला राग येईल. गावातल्या मेकॅनिकला मात्र आपण पार्टचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. मग तो पार्ट विकतो. त्याला सगळं येत होतं, फक्त ते विकत घ्यायला कोणी तयार नव्हतं.

हे विहिरीपुरतं नाही. माझा एक मित्र आयटीत येण्याआधी बोटींच्या इंजिनांवर होता. तो सांगतो, काही बोटींत थंड करायला घेतलेलं समुद्राचं पाणी एक्झॉस्टमधूनच बाहेर टाकतात. तिथे जुनं इंजिन उशिरा लागतंय म्हणून नुसता स्टार्टर मारत बसलं, तर ते पाणी ढकलायला धूर नसतो. पाणी साचत साचत उलटं सिलिंडरमध्ये शिरतं आणि साधा बिघाड मोठा होऊन बसतो. म्हणजे न बघता प्रयत्न करत राहणं हाही खर्चच.

आपल्या बाजूनेही थोडं काम आहे. 'लवकर लागत नाही' एवढं सांगून भागत नाही. गार असताना की गरम असताना? धूर आहे का, कोणत्या रंगाचा? अचानक झालं की हळूहळू वाढत गेलं? शेवटचं काय बदललं होतं? एवढं लिहून ठेवलं तरी अर्धं निदान झालं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

तर पिंपळगावला लेथवर लायनरचं काम झालं, नव्या रिंगा पडल्या. हा खर्च टळणार नव्हताच, आधीचे तीन हजार मात्र टळले असते. इंजिन आता दुसऱ्या हँडलला लागतं. खांद्याला अजून वेळ लागेल.

परवा तात्यांचा फोन आला होता. फवारणीचा पंप बिघडलाय. म्हणाले, "त्याला सांगितलं, आधी बघ, बघायचे पैसे देतो." बाकी पंपाचं काय झालं ते विचारायचं राहूनच गेलं.